विश्वस्त म्हणून सही करण्याआधी सातबारा बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या एका पक्षीनिरीक्षकांना कोकणातल्या एका वन्यजीव व जमीन संवर्धन करणाऱ्या न्यासाने, म्हणजे ट्रस्टने, विश्वस्त व्हायला बोलावलं आहे. सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, आणि सड्याखालचं जंगल मिळून न्यासाकडे चाळीसेक एकर जागा आहे. ‘मानधन नाही, वर्षातून चार सभा, बाकी आम्ही बघतो, तुम्ही फक्त नाव द्या,’ असं त्यांना सांगितलं गेलं. नाव द्यावं का, दिलं तर अंगावर काय येतं आणि विश्वस्ताने नेमकं करायचं तरी काय, असं त्यांनी विचारलं आहे.

मी वकील आहे. महसूल आणि धर्मादाय कार्यालयातली कामं पंचवीस वर्षं करते आहे आणि त्यातली चौदा वर्षं अशाच एका न्यासाची विश्वस्त आहे. त्यामुळे ‘फक्त नाव द्या’ हे वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्यात नावापुरता विश्वस्त असा प्रकारच नाही. न्यासाची मालमत्ता ज्यांच्या हाती सोपवलेली असते ते विश्वस्त. संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असेल आणि तुम्हाला ‘कार्यकारिणी सदस्य’ म्हटलं जात असेल, तरी आपल्याकडे तिची नोंद सार्वजनिक न्यास म्हणूनही होते आणि जबाबदारीच्या वेळी तुम्हाला विश्वस्त म्हणूनच विचारलं जातं. पैसे घेत नाही म्हणून जबाबदारी कमी होत नाही. तुमच्या हलगर्जीपणाने न्यासाचं नुकसान झालं तर ते तुमच्याकडून भरून घेण्याचा आदेश धर्मादाय आयुक्त देऊ शकतात, आणि हिशेब सादर करण्यात वारंवार कसूर झाली तर पदावरून काढूही शकतात.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक संवर्धन न्यासांत माणसं प्रामाणिक आहेत, पदरमोड करणारी आहेत. पण ती जंगलात रमतात आणि कागदाला कंटाळतात. आणि जमीन हातची जाते ती नेहमी कागदावरून.

आमच्याच न्यासाचं सांगते. मी येण्याच्या आधी, देणगीच्या पैशातून साडेसहा एकरांचा एक गट घेतला गेला होता. ओढ्याच्या दोन्ही बाजूंचं जंगल, वर शेकरूची घरटी, खाली बारमाही पाण्याची कोंड. घेताना अडचण अशी आली की कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, बक्षीसही देता येत नाही, आणि न्यास काही शेतकरी नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने घेता येते, धर्मादाय संस्थेसाठी तशी परवानगी मागण्याची सोय नियमांत आहे, पण त्याला वेळ लागतो आणि मालक तर घाईत होता. मग एक विश्वस्त शेतकरी होते, त्यांच्या नावावर खरेदीखत झालं. ‘परवानगी आली की न्यासाच्या नावावर करू’ असं ठरलं. परवानगीचा अर्ज कुणी केलाच नाही.

अकरा वर्षांनी ते गृहस्थ गेले. त्यांच्या तेराव्याला आम्ही सगळे होतो. पुढे चार महिन्यांनी आमच्या राखणदाराचा फोन आला, की मोजणीवाले आलेत आणि ओढ्याजवळ निशाण्या लावतायत. मी सातबारा काढला. तीन वारसांची नावं लागलेली, फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद, मंजूर झालेला. त्या मुलांनी काही वावगं केलं असं मी म्हणणार नाही. कागदोपत्री ती त्यांच्या वडिलांची जमीन होती, त्यांना दुसरं काही कुणी सांगितलेलंच नव्हतं. मुलगी आमच्या बाजूने उभी राहिली, म्हणून चार एकर वाचली. त्यासाठी सात वर्षं गेली, रीतसर परवानगी घ्यावी लागली आणि पुन्हा पैसे मोजावे लागले. उरलेल्या अडीच एकरांवर आज काजूची बाग आहे. कोंड त्या अडीच एकरांत होती.

मी जुने ताळेबंद काढून बसले तेव्हा लक्षात आलं, की लेखापरीक्षकाने सलग काही वर्षं एक ओळ लिहिली होती. जमिनीसाठी दिलेली रक्कम आगाऊ रक्कम म्हणून दाखवली आहे, जमीन न्यासाच्या नावे झाल्याचे कागद दाखवले गेले नाहीत. ती ओळ असलेल्या प्रत्येक अहवालावर विश्वस्तांच्या सह्या होत्या. कुणीही वाचली नव्हती.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला हा, की सही करण्याआधी न्यासाच्या ताब्यातल्या प्रत्येक गटाचा सातबारा स्वतः काढा. हल्ली डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. मालकाच्या रकान्यात न्यासाचं नाव आहे का बघा. ‘इतर हक्कां’त कुळ, बोजा, वहिवाटीची वाट असं काय काय लिहिलंय ते वाचा. मग तोच गट न्यासाच्या धर्मादाय नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर आहे का ते ताडून पाहा. दोन्हीकडे असेल तर ती जमीन न्यासाची. एखाद्या विश्वस्ताच्या, त्याच्या बायकोच्या किंवा गावातल्या ‘आपल्याच माणसा’च्या नावावर असेल, तर पहिल्या सभेतला तुमचा पहिला विषय तोच. त्यात बेनामी व्यवहाराचा प्रश्नही उभा राहू शकतो, म्हणून तो विषय तोंडी गप्पांत नको, ठरावात हवा.

परिशिष्ट एकवर आणखी एक गोष्ट दिसते, ती म्हणजे विश्वस्तांची नावं. तिथली नावं आणि न्यासाच्या लेटरहेडवरची नावं जुळत नाहीत असं अनेकदा होतं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल दाखल करायचा असतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो राहून जातो. मग मयत माणसं वर्षानुवर्षं विश्वस्त राहतात, आणि जमिनीच्या एखाद्या प्रकरणात न्यासाने अर्ज केला की समोरचा वकील पहिलाच प्रश्न विचारतो, की अर्ज करणारे हे कोण? तुमच्या नेमणुकीचा ठराव झाला, सभेची नोटीस रीतसर निघाली होती, गणपूर्ती होती, आणि तुमचा चेंज रिपोर्ट दाखल झाला, हे बघितल्याखेरीज चेकवर सही करू नका. तुम्ही बँकेत आयुष्य काढलंय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

आता त्या १९५० च्या कायद्यातल्या एका कलमाबद्दल थोडं सविस्तर, कारण संवर्धनाच्या जमिनीला त्याचा मोठा आधार आहे आणि त्यातच एक फट आहे. कलम ३६ म्हणतं, की धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची स्थावर मालमत्ता विकता येणार नाही, अदलाबदल करता येणार नाही, बक्षीस देता येणार नाही. इंग्लंडातल्या नॅशनल ट्रस्टची स्थापना १८९५ ची. १९०७ मध्ये त्यांच्या संसदेने त्यांना खास अधिकार दिला, की एखादी जागा कायमची अहस्तांतरणीय म्हणून जाहीर करता यावी. आपल्याकडे तितकं पक्कं कुलूप नाही, पण कलम ३६ हे निदान कडी-कोयंडा आहे. परवानगी न घेता केलेला व्यवहार सहसा वैध ठरत नाही.

फट भाडेपट्ट्यात आहे. शेतजमिनीचा दहा वर्षांपर्यंतचा आणि बिगरशेती जमिनीचा किंवा इमारतीचा तीन वर्षांपर्यंतचा पट्टा असेल, तर या कलमाखाली परवानगी लागत नाही. हे कलम देवळांची दुकानं आणि शेतं डोळ्यांसमोर ठेवून बघितलं तर योग्यच आहे. भाडेकरू गेला की दुकान परत मिळतं. पण कोकणातल्या सड्यावर चिरेखाण तीन वर्षं चालली तर परत काय मिळणार? आमच्याकडे असा प्रस्ताव आला होता. गृहस्थ सभ्य होते, परवाने रीतसर काढण्याची तयारी होती, सड्याचा फक्त एक कोपरा हवा होता, आणि देत असलेल्या रकमेत राखणदारांचा सहा वर्षांचा पगार निघाला असता. त्या वर्षी न्यासाच्या खात्यात जेमतेम चार महिन्यांचे पैसे होते. सभा पाच तास चालली. तो जांभा कापला की वरचा एक-दोन इंचांचा मातीचा थर जातो, पावसाळ्यात पाणी धरणारे उथळ खळगे जातात, त्यांतली सीतेची आसवं आणि गेंद जातात, त्या पाण्यात अंडी घालणारे बेडूक जातात. खाण बुजवून वर माती पसरली तरी सडा तयार होत नाही.

आम्ही नकार दिला. कायद्याने आम्हाला अडवलं नव्हतं, ते फक्त आमच्या हातात होतं. विश्वस्त कशाला हवेत याचं मला सापडलेलं सगळ्यात खरं उत्तर त्या पाच तासांत आहे. त्यानंतर आम्ही न्यासाच्या घटनेतच दुरुस्ती करायला घेतली, की संवर्धनासाठी घेतलेल्या जमिनीचा कोणत्याही मुदतीचा पट्टा, उत्खननाचा हक्क किंवा टॉवरची परवानगी द्यायची तर सर्व विश्वस्तांपैकी तीन चतुर्थांशांचं लेखी मत लागेल, आणि विषय आधीच्या सभेत मांडलेला असावा लागेल. तुमच्या न्यासाच्या घटनेत असं काही आहे का बघा. नसेल तर घाला.

पैशाचा मोह चांगल्या रूपातही येतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि पर्यावरण, वनस्पती-प्राणी यांचं रक्षण त्या यादीत आहे. त्यातून चांगली कामं झाली आहेत. पण अशा निधीला आकडा आवडतो आणि मोजायला सोपा आकडा म्हणजे रोपं. सड्यावर दहा हजार रोपं लावायला पैसे देऊ करणारे आमच्याकडे तीनदा आले. सातबाऱ्यावर सड्याला ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, लिहिलेलं असतं, त्यामुळे शहाण्यासुरत्या माणसांनाही वाटतं की इथे काहीच नाही, झाडं लावली तर पुण्यच. टिटवी आणि चंडोल त्या उघड्या जमिनीवर घरटं करतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! विश्वस्त मंडळात असं सांगणारा एकही माणूस नसेल तर ठराव दहा मिनिटांत मंजूर होतो आणि खड्डे मारायला जेसीबी सड्यावर चढतो. तिसऱ्या वेळी आम्ही त्या कंपनीच्या लोकांना श्रावणात सड्यावर नेलं, अनवाणी चालवलं, खळग्यांतली फुलं दाखवली. त्यांनी रोपांऐवजी दोन राखणदारांचा तीन वर्षांचा पगार दिला. नेहमी असं होत नाही. आधीच्या दोघांनी पाठ फिरवली होती.

मंडळात कोण असावं, यावर माझं मत ठाम आहे. सात ते नऊ माणसं पुरेत. त्यांत हिशेब समजणारा एक, महसूल-जमिनीचं कळणारा एक, आणि त्या प्रकारच्या अधिवासाचा अभ्यास असलेला एक तरी हवा. म्हणजे सडा असेल तर सड्याचा, नुसता ‘पर्यावरणतज्ज्ञ’ नको. आणि गावातली निदान दोन माणसं हवीत, त्यांतली एक बाई. सन्माननीय म्हणून बसवलेली नव्हे, सहीचा अधिकार असलेली. शहरातल्या विश्वस्तांना हे पटवायला मला तीन वर्षं लागली.

पटलं ते कुंपणाच्या विषयावर. वणवे थांबावेत म्हणून जंगलाला तारेचं कुंपण घालायचं आमचं ठरत आलं होतं, अंदाजपत्रकही तयार होतं. नव्याने आलेल्या गावातल्या विश्वस्त बाई दोन सभा गप्प होत्या. तिसऱ्या सभेत त्या म्हणाल्या, ‘ताई, ही तार पाणंदीवरनं जाते. गुरं पाण्याला कुठनं न्यायची? वाट बंद केलात तर शिमग्याच्या आधी कोणतरी काडी लावील, आणि कोणी लावली ते तुम्हांला कधी कळायचं नाही.’ नकाशावर ती पाणंद नव्हती. आम्ही कुंपण रद्द केलं, पाणंद मोकळी ठेवली, आणि त्याच पैशातून सड्याच्या कडेने दरवर्षी जाळपट्टे, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, काढायचं काम गावातल्याच माणसांना दिलं. वणवे पूर्ण थांबले नाहीत, पण आग दिसली की आता पहिला फोन गावातून येतो.

या राज्याला हे नवीन नाही. देवराया टिकल्या त्या गावाने आणि मानकऱ्यांनी राखल्या म्हणून. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव सभेत बसून जंगलाचे निर्णय घेत होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी वाचवण्याचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊनच उभं केलं. जमीन न्यासाच्या नावावर झाली म्हणून शेजारी बदलत नाहीत.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत मंडळाने दोन गोष्टी लिहून ठरवायला हव्यात. पहिली, माहिती कुणाला द्यायची. कॅमेरा ट्रॅपमध्ये खवल्या मांजर आलं की कार्यकर्त्याला आनंद होतो आणि फोटो दोन तासांत दहा ग्रुपवर जातो, जागेच्या नावासकट. खवल्या मांजराची तस्करी कशी चालते ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातला धोका सांगायला नको. आमचा नियम असा आहे, की घरटं, बीळ, गुहा यांचं ठिकाण न्यासाबाहेर फक्त वनखात्याला कळवायचं, आणि फोटोतून जागा ओळखू येत असेल तर तो फोटो बाहेर जाणार नाही. दुसरी गोष्ट बचावाची. न्यासाच्या नावाचा टी-शर्ट घालून कुणी साप पकडायला किंवा बिबट्याचं पिल्लू उचलायला गेलं, तर त्याची जबाबदारी विश्वस्तांपर्यंत येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन्यप्राणी स्वतःकडे ठेवण्याचा अधिकार न्यासाला आपोआप मिळत नाही, हेतू कितीही चांगला असो. वनखात्याला कळवायचं आणि त्यांच्या परवानगीने, त्यांच्याबरोबर काम करायचं.

राखणदारांचा विषय बहुतेक मंडळांच्या विषयपत्रिकेवर कधी येतच नाही. तुम्ही आणा. आमच्या एका राखणदाराचा रात्री फुरशावर, या विषारी सापावर, पाय पडला आणि ते त्याला चावलं. साधी चप्पल, हातात मोबाइलचा मिणमिणता उजेड. जवळच्या आरोग्य केंद्रात त्या रात्री लस नव्हती, पुढे चाळीस किलोमीटर न्यावं लागलं. तो वाचला. पायाची जखम भरायला तीन महिने गेले आणि त्या काळात त्याला पगार द्यायचा की नाही यावर आमच्याकडे काही नियमच नव्हता. दुसऱ्या महिन्यात त्याची बायको माझ्या ऑफिसात आली, काही न मागता नुसती बसून राहिली. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते. आता प्रत्येकाला गमबूट, चांगली विजेरी, अपघात विमा आणि आजारपणातला पगार आहे, आणि सर्पदंशाची लस कुठल्या रुग्णालयात हमखास मिळते हे दर पावसाळ्याआधी एक विश्वस्त स्वतः फोन करून विचारतो.

हिशेबाचं मी लवकर आटोपते, कारण तो तुमचा प्रांत आहे. वनं आणि वन्यजीव यांच्यासह पर्यावरणाचं जतन हे २००९ पासून आयकर कायद्यात धर्मादाय हेतूच्या व्याख्येत स्वतंत्रपणे आलं आहे. करसवलतीची नोंदणी आता कायमची नसते, तिचं मुदतीत नूतनीकरण होतं का ते बघा. उत्पन्नातले ८५ टक्के हेतूवर खर्च व्हावे लागतात, आणि जमिनीसाठी पैसे साठवायचे तर त्याची वेगळी रीत आहे, ती चुकली की कर बसतो. विश्वस्ताच्या नातेवाइकाची गाडी भाड्याने, मेहुण्याचं रिसॉर्ट शिबिराला, असले व्यवहार मुळातच नकोत. परदेशी देणगी घेत असतील तर २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. न्यासाच्या नावाने कर्ज काढायलाही धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आणि एखादा ठराव पटला नाही तर बाहेर नाराजी व्यक्त करून उपयोग नाही. विरोध कारणासह इतिवृत्तात लिहून घ्या. पुढे चौकशी झाली तर तुमच्या बाजूने बोलणारा तो एकच कागद असतो.

मुदतीबद्दलही विचारा. संस्थापक वीस-पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत असतात आणि त्यांच्या प्रेमापोटी कुणी काही बोलत नाही. मुंबईत १८८३ साली आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. त्या आठांपैकी कुणालाही सलीम अलींचं नाव ठाऊक असणं शक्य नव्हतं, ते तेव्हा जन्मलेलेही नव्हते. संस्था माणसांच्या हातून पुढच्या माणसांच्या हाती गेली म्हणून सलीम अलींना ती मिळाली. आमच्याकडे आता पाच वर्षांच्या दोनच मुदती आहेत. हा नियम झाल्यानंतरची माझी दुसरी मुदत पुढच्या वर्षी संपते. माझ्या जागी येणारी मुलगी गेली दोन वर्षं सभांना निमंत्रित म्हणून बसते आहे आणि फेरफार वाचायला शिकली आहे.

तुम्ही नाव द्यावं असं मला मनापासून वाटतं. पक्षी ओळखणारा आणि ताळेबंद वाचणारा माणूस एकाच अंगरख्यात सहसा मिळत नाही. फक्त घाई करू नका. सातबारे, परिशिष्ट एकचा उतारा, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि इतिवृत्ताचं पुस्तक मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर नम्रपणे नाही म्हणा. मिळाले, तर एक दिवस राखणदाराबरोबर हद्दीने चाला, पदाधिकाऱ्यांना बरोबर न घेता. हद्दीचे दगड कुठे आहेत ते त्याला दाखवायला सांगा, आणि कुठला दगड सरकलाय तेही विचारा. शिमग्याच्या आधी गेलात तर जाळपट्ट्यांचं काम चालू असेल. सकाळी सहाला निघा, दहानंतर सड्यावर उभं राहवत नाही.